'मंडई' हा शब्द काढावा

प्रवासाला निघण्याआधी मी तीन याद्या करते: न्यायच्या वस्तू, भेटायची माणसं आणि विचारायचे प्रश्न. चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रवासाच्या तिन्ही याद्या अजून माझ्या वहीत आहेत. वस्तूंची यादी बरोबर निघाली. माणसं सगळी भेटली. प्रश्नांच्या यादीत मात्र जो प्रश्न सगळ्यात वर असायला हवा होता, तो कुठेच नव्हता.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एखाद्या दुकानदाराची वेबसाईट असते, पण कोणी मोबाईलवर शोधलं तर ती दहाव्या पानावर येते, आणि दहाव्या पानापर्यंत कोणी जात नाही. ती पहिल्या पानावर यावी म्हणून जे करावं लागतं ते मी करते. पानांची शीर्षकं बदलते, गिऱ्हाईक शोधताना जे शब्द टाकेल ते शब्द मजकुरात पेरते, नकाशावरची दुकानाची नोंद नीट लावते. पुण्यातल्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी अशी बरीच दुकानं वर आणली आहेत. त्यांतलं एकही दुकान मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गरजच पडली नव्हती.

या वेळी पडली. वडशाचे हनीफभाऊ नाटकांचे पडदे रंगवतात. राजवाडा, जंगल, गरिबाचं घर, चौक असे पडदे रंगवायचे आणि हिवाळ्यात गावोगावच्या मंडळांना स्टेजसकट भाड्याने द्यायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. त्यांच्या वेबसाईटचं काम चैत्रापासून माझ्याकडे होतं. माझ्या आलेखात साईट चढत होती. आणि दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा, शबानाचा, निरोप आला: "मॅडम, साईट वर दिसते पण या वर्षी एकाही गावाचा फोन नाही. असंच राहिलं तर पौष लागायच्या आत अब्बा शेड फ्लेक्सवाल्याला देऊन टाकतील. तो रोज विचारतो."

आलेख वर आणि फोन बंद, हे माझ्या हिशोबात बसेना. मोहर्लीलाही माझं एक गिऱ्हाईक होतं. दोन्ही एका फेरीत होतील म्हणून निघाले.

चंद्रपूर

चंद्रपूरला सकाळी उतरले. कोळशाच्या गावातली सकाळ होती. सूर्य उगवला होता, पण नीट न पुसलेल्या फळ्यावरच्या खडूसारखा. चार दिवसांसाठी ठरवलेली गाडी बाहेर उभी होती. ड्रायव्हर मारोतीभाऊ पन्नाशीचे, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि पहिल्याच वाक्यात मला "बाई" म्हणाले. पुण्यात मला कोणी बाई म्हटलं तर मी मागे वळून बघेन की कामवाल्या मावशी आल्या की काय. इथे तो मान आहे. हे समजायला मला अर्धा दिवस लागला.

नाश्त्याला हॉटेलात शिरलो. वेटर म्हणाला, "सांबारवडी आहे गरम."

मी म्हटलं, "वडी नको. नुसतं सांबार आणि इडली द्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. "नुसता सांबार कसा खासान, बाई? बकरी खाते नुसता."

मारोतीभाऊंना इतकं हसू आलं की खर्रा थुंकायला बाहेर जावं लागलं. परत येऊन म्हणाले, "सांबार म्हंजे कोथमीर हो, बाई. इथी कोथमिरीले सांबार म्हणते."

वडी आली. बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर ठासून भरलेली, वरून कढी. चांगली होती. खाता खाता मी वहीत लिहिलं: 'सांबार = कोथिंबीर. इथले शब्द तपासून घेणे.' पहिल्याच सकाळी लिहिलं, आणि पान उलटलं.

मोहर्ली

मोहर्ली म्हणजे ताडोबाचं दार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाघाचीच चित्रं: हॉटेलवर, पंक्चरच्या टपरीवर, सलूनवर. सुजाताबाईंचं घर गावाच्या टोकाला. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, मागे पाहुण्यांसाठी तीन खोल्या. त्यांच्या होमस्टेचं पान मी पहिल्या पाचांत आणलं होतं आणि खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेले होते.

सुजाताबाईंनी जेवायला वाढलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. पोळी नव्हती. मागितली नाही.

"तुमी थे वर आणून देल्लं नं, बाई, तवापासून फोनच फोन," त्या म्हणाल्या. "पण लोकं बदलले. आधी यायचे थे जंगल पाहाले यायचे. आता वाघ पाहाले येते."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं! परवा एक जण राहून गेला अन् एक तारा देऊन गेला. काय लिवलं, वाचू? 'जेवण उत्तम, खोली स्वच्छ, वाघ दिसला नाही.' आता तुमीच सांगा, वाघ काय माह्या घरचा आहे? गोठ्यात बांधून ठेवू?"

मी हसले. त्याही हसल्या, पण माझ्याआधी थांबल्या.

"तुमी वर लिवलं ना, 'वाघाच्या अगदी जवळ राहा'?"

ते शीर्षक माझंच होतं. त्याच शीर्षकाने पान वर आलं होतं.

"आमी आहोच जवळ, बाई. माही जाऊ गेली तशीच, वाघानं नेली. सकाळी मोहफुलं वेचाले गेली होती." त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. "नवीन पाहुणा आला का थे मोठ्यानं वाचते अन् मले म्हणते, वा, किती जवळ? मी म्हणतो, येईन तवा समजंन."

जेवण झाल्यावर मी अंगणात बसून शीर्षक बदललं. 'जंगलाच्या काठावर घरगुती मुक्काम' असं काहीतरी सपक लिहिलं. पान खाली जाणार हे मला माहीत होतं. सुजाताबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या खाली. खाली काऊन घाबरता?"

वडशाच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी मूल, नागभीड, ब्रह्मपुरी करत निघालो. धान कापून झालं होतं. बांधीबांधीत पुंजणे, म्हणजे धानाच्या पेंढ्यांचे ढीग, घुमटासारखे रचलेले. आभाळ भरून आलं होतं आणि शेतातली माणसं मान वर करून कामं उरकत होती.

ब्रह्मपुरी मागे पडली आणि वैनगंगेच्या अलीकडे एका राईस मिलच्या आवारात धानाच्या पोत्यांची मोठी थप्पी होती आणि थप्पीवर राजवाडा पसरला होता. गुलाबी खांब, कारंजं, जिना, जिन्यावर मोर. पावसापासून धान वाचवायला कोणीतरी रंगवलेला पडदा झाकला होता. खांब पोत्यांवरून वाकत खाली आले होते आणि मोर कोपऱ्यातल्या दोरीजवळ लोंबत होता.

"थांबवा, थांबवा," मी म्हटलं. उतरून फोटो काढला. हनीफभाऊंच्या साईटवर असाच काही रंगीत फोटो टाकावा, असं वहीत टिपलं. मजेशीर वाटलं होतं मला ते.

मारोतीभाऊ म्हणाले, "नाटकाचा पडदा दिसते. ताडपत्रीपेक्षा जाड रायते थे कापड."

वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा, आणि लगेच वडसा.

वडसा

या गावाला दोन नावं आहेत. सरकारी कागदावर देसाईगंज, माणसांच्या तोंडात वडसा. मी कागद बघून काम करते, म्हणून साईटवर, नकाशावर, सगळीकडे देसाईगंज केलं होतं. दोन दोन नावं असली की शोधणारं यंत्र गोंधळतं, एकच नाव सगळीकडे असावं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

मुख्य रस्त्याला नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या. लहानलहान गाळे, दारावर नाटकांची मोठाली पोस्टरं, आत खुर्च्यांवर खेड्यांतून आलेली माणसं, तारखा ठरवत बसलेली. मोसम जोरात होता. हनीफभाऊंची शेड मागच्या गल्लीत, लांबलचक आणि उंच, कारण पडदा पूर्ण टांगल्याशिवाय रंगवता येत नाही. तिच्यात शिरलं की रंगाचा आणि डिंकाचा वास यायचा. टांगलेला पडदा एकही नव्हता. दोर नुसतेच लोंबत होते.

हनीफभाऊ सत्तरीला टेकलेले, बारीक, नखांत निळा रंग. "या बाई, या. इतक्या दुरून आल्या! शबाना, खुर्ची पूस आधी."

शबाना तिशीची. बी.कॉम. झालेली, फोन आणि साईट तीच बघते. चहा आला, बिस्किटं आली. मी लॅपटॉप उघडला आणि आलेख दाखवला. कसा चढतोय बघा.

"चढून राह्यला, खरं आहे," शबाना म्हणाली. "फोन पण येते. सुरतचा एक जण तर रोज करते. 'फ्लॉवर वॉल है क्या? नवरानवरीचं नाव लाईटमध्ये जमेल क्या?' मुंबईवाले म्हणते, परवा पाठवा. आपला पडदा बारा माणसं उचलते, बाई, कुठी पाठवू?"

"आणि गावांचे फोन?"

"एक नाई."

मग ती थोडी अडखळली. "बाई, एक विचारू? राग नका मानू. साईटवरून मंडई काऊन काढली?"

"मंडई?" मी म्हटलं. "अहो, तुमच्या जुन्या मजकुरात सगळीकडे मंडई मंडई होतं. भाजीबाजाराचा तुमच्याशी काय संबंध? भलतेच लोक आले असते."

मग हनीफभाऊ हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, शबानाने पाणी दिलं, तरी थांबेनात.

"भाजी! शबाना, ऐकलं का? बाईले वाटलं आपण वांगे विकतो! राजवाड्यात बसून वांगे!"

मग त्यांनीच समजावलं. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेकाठच्या या धानाच्या मुलखात, गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे त्या गावाची जत्रा. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावई येतात, दुकानं लागतात, दंडारीचं नाचगाणं होतं, मुलामुलींच्या सोयरिकी जुळतात, आणि नाटक झाल्याशिवाय मंडई पूर्ण होत नाही. पडदा लागतो तो मंडईला. इथला माणूस मोबाईलवर 'इव्हेंट' शोधत नाही, 'महोत्सव' शोधत नाही. तो 'मंडईचे पडदे' शोधतो.

मी वही काढली, चैत्रातलं पान उघडलं. माझ्याच अक्षरात होतं: ''मंडई' हा शब्द काढावा. भाजीबाजाराशी संबंध. 'इव्हेंट', 'महोत्सव' घालावे.' खाली दोन रेघा मारलेल्या. शेजारी काम झाल्याची खूण.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी शबानाला विचारलं.

"मले वाटलं तुमाले समजते," ती म्हणाली. "तुमी पुण्याच्या."

मी तिथल्या तिथे बसून तो शब्द चौदा ठिकाणी परत घातला. हनीफभाऊ शेजारी बसून बघत होते. "आता दिसंन?"

"लगेच नाही. यंत्राला कळायला काही आठवडे लागतात. कधी दोन महिने."

"दोन महिने म्हंजे माघ आला," ते शांतपणे म्हणाले. "तवा मंडया संपते."

काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना वाटेतल्या राजवाड्याचा फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"हा माह्याच आहे. मोराचा पाय पाहा, एक मुडपलेला. माह्या उस्तादनं शिकवलं होतं, मोर दोन्ही पायांवर उभा काढाचा नाई. तीन पडदे देल्ले मिलवाल्याले. पडून पडून उंदरायनं खाल्ले असते." फोन परत देताना म्हणाले, "चांगला ताणून बांधला आहे त्यायनं. पाणी आत जात नाई."

मी तो फोटो साईटवर टाकला नाही, हे सांगायला नको.

निघताना हनीफभाऊंनीच काम सांगितलं. कुरखेड्याच्या वाटेवरच्या एका गावात दुसऱ्या दिवशी मंडई होती. "बावीस वर्षं थ्या गावाले माह्याच पडदा लागला. या वर्षी काऊन नाई बोलावलं, एवढं विचारून या. मी नाई विचारत, लाज वाटते. शबाना येईन संगं."

मंडईच्या गावात

दुपारी बाराच्या सुमारास पोहोचलो. रस्त्यापासूनच दुकानं लागली होती: बांगड्या, फुगे, जिलबी, प्लास्टिकचे डबे. नव्या साड्यांतल्या लेकी पोरांना कडेवर घेऊन फिरत होत्या. मी भाजीचा एक ठेला दिसतो का पाहिलं. नव्हता.

शाळेमागच्या मोकळ्या जागेत स्टेज उभं राहत होतं. मागे रंगवलेला पडदा नव्हता, छापील फ्लेक्स होता. चकचकीत राजवाडा, कुठल्यातरी परदेशी महालाच्या फोटोवरून घेतलेला. मंडळाचे अध्यक्ष मडावी, पन्नाशीचे शेतकरी, खुर्च्या मोजून घेत होते. त्यांनी शबानाला पाहिलं आणि हातातलं काम सोडून आले. डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी," ते म्हणाले, "तुह्या बापाचं ऐकून लई वाईट वाटलं. मातीले याले पायजे होतं आमी. समजलंच उशिरा."

शबाना त्यांच्याकडे बघत राहिली. "काका, अब्बा घरी आहे."

"आँ?"

"घरी आहे. आत्ता चहा पिऊन राह्यले असन."

मडावींनी टोपी परत घातली, परत काढली. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "हे पाहा. मी नाई म्हणत, हे म्हणते. तुमची साईट तर इथी उघडतच नाई, नुसतं चाक फिरते. पण नकाशा उघडते. दसऱ्याले पोट्ट्यायनं टाकलं, 'पडदेवाले वडसा', तर हे आलं."

मोबाईलवर जुनी नोंद होती, शबानाने पूर्वी कधीतरी केलेली. हनीफ पडदेवाले, वडसा. खाली लाल अक्षरांत: कायमचे बंद.

"आता पडदेवाल्याचं दुकान कायमचं बंद केव्हा होते?" मडावी म्हणाले. "आमी समजलो."

"पण एक फोन तर करायचा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, अडाण्याकडे पाहावं तसं. "मेलेल्या माणसाच्या घरी फोन करून विचारू, पडदे आहे का म्हणून?"

ते पुढे सांगत राहिले. त्यांनी ही बातमी आणखी दोन मंडळांना सांगितली होती, दुःखानेच. त्या मंडळांनी पुढे सांगितली. "सगळ्या पट्टीत माईत आहे. कोणी बोलावलं नाई, कारण कोणाले बोलावू?"

शबाना स्टेजकडे बघत होती. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात, मंडळाच्या सभासदांच्या फोटोंखाली, एक ओळ छापली होती: 'स्व. हनीफभाऊ पडदेवाले यांना मंडळातर्फे भावपूर्ण आदरांजली.'

ती ओळ तिने दोनदा वाचली. ओठ हलताना मला दिसले.

आता ते लाल अक्षर कोणी लिहिलं ते सांगते. मी. चैत्रात देसाईगंज नावाची नवी, नीटनेटकी नोंद केली तेव्हा वडशाची जुनी नोंद आडवी येत होती. एकाच दुकानाच्या दोन नोंदी असल्या की दोन्ही खाली जातात. दोन्ही जोडून घेण्याची रीत आहे, पण तिला वेळ लागतो. त्यापेक्षा जुनी 'कायमचे बंद' करून टाकणं झटपट. तेव्हा अर्जात विचारलं होतं, हे ठिकाण बंद असल्याचं तुम्हाला कसं कळलं? पर्यायांत पहिला होता: 'स्वतः जाऊन पाहिलं आहे.' तो निवडला की अर्ज लवकर मंजूर होतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. तो निवडला. वहीत खूण केली. वडशाच्या माणसांनी आपापल्या फोनवर पाहिलं नाही, कारण हनीफभाऊंचं दुकान त्यांना शोधावं लागत नाही. आणि खेड्यातला कोणी देसाईगंज टाकत नाही. कचेऱ्यांत तारखा ठरवायला येणारी मंडळंही, मेलेल्याचा विषय कशाला, म्हणून मागच्या गल्लीत गेली नाहीत.

मडावींनी जेवायचा आग्रह केला. जेवलो नाही. मारोतीभाऊंना उजेड असेपर्यंत जंगलाचा रस्ता ओलांडायचा होता, ते निमित्त पुरलं. गाडीत शबानाला सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "अब्बांना तुमीच सांगा. मी नाई सांगत."

सांगितलं. शेडमध्ये, त्याच खुर्चीवर बसून. जुनी नोंद, अर्ज, पहिला पर्याय. सगळं संपल्यावर हनीफभाऊंनी विचारलं:

"काय लिवलं होतं म्हणता त्यायनं?"

"भावपूर्ण आदरांजली."

"पूर्ण सांगा."

मी पूर्ण ओळ सांगितली. त्यांनी ती मनाशी म्हटली.

"इतके वर्षं पडद्याच्या मागं उभा राह्यलो, बाई. समोर कोणी नाव घेतलं नाई. घेतलं तर असं." ते हसले, पण कालच्यासारखे नाही. "आता काय करू? गावोगाव जाऊन सांगू, मी जिता आहो? लोक म्हणन, म्हातारा काम मागाले कबरीतून आला."

"मी आत्ताच नोंद पुन्हा चालू करते," मी म्हटलं.

"करा," ते म्हणाले. "तुमचं काम तुमी करा."

मी केलं. 'हे ठिकाण सुरू आहे' असा अर्ज भरला. उत्तर आलं: विनंती तपासली जात आहे. या वेळी झटपट मंजुरीचा कुठलाच पर्याय नव्हता. हनीफभाऊ मला एकदाही वाकडं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं पुण्यात आल्यावरही वाटत राहिलं.

परत

मारोतीभाऊंना चंद्रपूरला परत पाठवलं आणि मी वडशाहून गोंदियाकडे जाणारी गाडी धरली. जाताना म्हणाले, "बाई, सांबार विसरू नका." त्यांनी चेष्टेने म्हटलं होतं.

येताना पुलावरून आले होते, त्यामुळे स्टेशन पाहिलं नव्हतं. फलाटावर पिवळ्या पाटीवर मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: वडसा. तीच पाटी पाहून इथला प्रत्येक माणूस घरी उतरत आला आहे. मी रेल्वेने आले असते तर पहिलं तेच वाचलं असतं. पाऊस भुरभुरायला लागला होता. धानाच्या पोत्यांवर लोक जे मिळेल ते टाकत होते.

गाडीत मी नवी यादी केली, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी. गावाचं नाव कागदावरचं नाही, तोंडातलं घ्यावं. गिऱ्हाईक वस्तूला काय म्हणतं ते गिऱ्हाइकालाच विचारावं. पान इतकं हलकं ठेवावं की जंगलातल्या अर्ध्या रेषेच्या नेटवर्कवरही उघडेल. ज्याचा अर्थ ठाऊक नाही तो शब्द काढू नये. आलेख चढला म्हणजे फोन वाजला असं नाही. यादी चांगली झाली. ऑनलाईन धंदा करणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. ती चैत्रात असती तर एका माणसाला उपयोगी पडली असती.

पुण्यात आल्यावर रोज सकाळी पहिलं काम म्हणून ती नोंद बघत होते. तपासली जात आहे. तपासली जात आहे. पौष लागला. एका सकाळी मेल आला: आपला बदल स्वीकारला आहे. वडशाचं लाल अक्षर गेलं होतं. त्या जागी हिरव्यात 'सुरू आहे' आलं होतं. शोधून पाहिलं तर मंडईच्या पडद्यांसाठी हनीफभाऊ पहिल्या पानावर होते, वरून दुसरे. माझ्या आजवरच्या कामात इतक्या लवकर काही वर आलं नव्हतं.

चार दिवसांनी शबानाचा फोन आला.

"बाई, आज दोन गावांचे फोन आले. मंडईसाठी."

"वा! मग?"

"मी सांगतलं, पडदे नाईत. अब्बांनी सोमवारी शेड देऊन टाकली. बाकीचे पडदे मिलवाले घेऊन गेले." पलीकडे मशीनचा आवाज येत होता, फ्लेक्स छापायच्या मशीनचा. ती आता तिथेच कामाला होती. "थे नकाशावरचं बंद करून टाका ना. लोक फोन करते, अब्बा उचलते, अन् समोरचा मानूस घाबरते. काल एकानं विचारलं, कोण बोलून राह्यलं?"

मी विचारलं, हनीफभाऊ कसे आहेत. ती म्हणाली, "चांगले आहे. मिलच्या रस्त्यानं फिराले जाते रोज."

फोन ठेवला आणि तीच नोंद उघडली. हनीफ पडदेवाले, वडसा. बदल सुचवा. कायमचे बंद. खाली तोच प्रश्न आला: हे ठिकाण बंद असल्याचं तुम्हाला कसं कळलं?

पहिला पर्याय निवडला. स्वतः जाऊन पाहिलं आहे.

अर्ज लगेच मंजूर झाला.